'म्युझिक रिअॅक्टिव्ह' किट घेताय? आधी ही एक वायर काढून बघा

आवाजावर नाचणाऱ्या एलईडी पट्टीचं तयार किट ऑनलाइन मागवणार असाल तर हे जरूर वाचा. यातली फसवणूक बोर्डात आधीच भरून दिलेल्या प्रोग्राममध्ये आहे, त्यामुळे ती चटकन लक्षात येत नाही.

मी मागवलेल्या किटमध्ये आर्डुइनो ऊनोसारखा बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा कंट्रोलर), डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी एलईडी पट्टी) आणि 'अॅम्प्लिफायरसह माइक' होता. जोडणी केली, गाणं लावलं, दिवे नाचले. विक्रेत्याच्या व्हिडिओतही अगदी असंच दिसत होतं. पण गाणं संपलं, खोलीत सामसूम झाली, तरी पट्टी थांबेना. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, माइक फार सेन्सिटिव्ह आहे, बारीकसा आवाजही पकडतो.

मी माइकची वायर ए-झिरो पिनमधून (बोर्ड जिथे माइकचा सिग्नल वाचतो ती पिन) काढली. नुसती काढून भागत नाही, कारण मोकळी पिन आजूबाजूचा नॉइज पकडते आणि आकडे हलत राहतात. म्हणून ती पिन ग्राउंडला (बोर्डावरची शून्य व्होल्टची पिन) जोडली. आता रीडिंग शून्य, म्हणजे दिवे थांबायलाच हवेत. पण ते तितक्याच जोरात नाचत होते! प्रोग्राम माइककडे बघतच नव्हता, मनाला येईल तसे दिवे लुकलुकवत होता.

मग स्वतःचा प्रोग्राम टाकून सीरियल प्लॉटरवर (रीडिंगचा आलेख कॉम्प्युटरवर दाखवणारी सोय) माइकचं रीडिंग पाहिलं. जवळजवळ सरळ रेषा. माइकपाशी टाळी वाजवली तर जरासं टोक यायचं. माइकच्या बोर्डावरचा स्क्रू फिरवला की रेषा वर-खाली सरकायची, पण आवाजाला ती जास्त हलायची नाही. भिंगातून त्याच बोर्डाच्या चिपवरची अक्षरं वाचली: एलएम३९३. हा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) आहे, सिग्नल मोठा करणारा अॅम्प्लिफायर नव्हे. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की नाही, एवढंच तो सांगतो. अशा बोर्डावरच्या छोट्या इलेक्ट्रेट माइकमधून साध्या बोलण्याला जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात आणि ऊनोला ओळखू येणारा सगळ्यात लहान फरकच ४.९ मिलिव्होल्टचा. त्यात गाण्याचा चढउतार दिसणार कसा? त्यासाठी मॅक्स४४६६ किंवा मॅक्स९८१४ अशी अॅम्प्लिफायर चिप असलेला माइक-बोर्ड लागतो. असा माइक नंतर वेगळा घेऊन जोडला, तेव्हा त्याच पट्टीवर ठेका स्वच्छ दिसला.

सगळ्यात संताप आला तो विक्रेत्याच्या शेवटच्या उत्तराचा: "तुम्ही प्रोग्राम बदललात, वॉरंटी संपली." म्हणजे चोरी पकडायचा जो मार्ग, तोच यांनी अटींमध्ये बंद करून ठेवलेला. पैसे काही परत मिळाले नाहीत.

तेव्हा मागवण्याआधी माइकच्या चिपचा जवळून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. किट आलंच असेल तर स्वतःचा प्रोग्राम टाकायची घाई करू नका. आधी ए-झिरोची वायर काढून पिन ग्राउंडला जोडा (माइक जोडलेला असताना नको), दिवे तरीही नाचत असल्याचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपण्याआधी तो तक्रारीसोबत पाठवा.