दादर पूर्वेचं स्टेशनजवळचं हॉटेल: आधी घड्याळ विचारा, भाडं मागाहून

कणकवलीहून दादरला माल भरायला येणाऱ्या माणसाने हॉटेल ठरवण्याआधी गाड्यांच्या वेळा समोर ठेवाव्यात. तुतारी एक्सप्रेस सकाळी पावणेसातच्या सुमाराला दादरला उतरवते. परतीची तुतारी सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी, आणि जनशताब्दी पहाटे सव्वापाच-साडेपाचला दादरवरून जाते. गादी कशी आहे, टीव्ही किती इंची, नाश्ता फुकट की विकत, हे सगळं त्यानंतर.

माझं ब्लाउजपीस, अस्तर, लेस आणि फॉलचं दुकान आहे. लग्नसराईआधी आणि गणपतीआधी हिंदमाताच्या कापडबाजारात यावंच लागतं. सोबत बहुतेक वेळा नणंद असते. आम्ही उतरतो ते हॉटेल दादर पूर्वेला आहे, स्टेशनातून बाहेर पडून स्वामीनारायण मंदिराकडे चालत गेलं की पाच मिनिटांच्या आत. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत आणि पुन्हा तिथेच उतरायचं आहे.

या हॉटेलचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे इथे दिवस चोवीस तासांचा धरतात. सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत ती तुमची. ऐकायला साधं वाटतं, पण आजूबाजूच्या निम्म्याअधिक ठिकाणी, विशेषतः मोबाइलवरून बुक होणाऱ्या नव्या हॉटेलांत, दुपारी बाराला खोली देतात आणि दुसऱ्या दिवशी अकराला रिकामी करायला लावतात. पावणेसातला उतरलेल्या बाईने बारापर्यंत करायचं काय? रात्रभर गाडीत बसून आलोय, केस चिकटलेत, अंघोळ नाही, आणि घाऊक दुकानं तर साडेदहा-अकराच्या आत शटर वर करत नाहीत. ‘लवकर आलात तर अर्धं भाडं जादा’ असं हसतमुखाने सांगणारे काउंटर आम्ही पाहिलेत. भाडं दोनशे रुपयांनी कमी दिसतं, आणि हा अर्धा दिवस धरला की हजाराने जास्त होतं.

आमचा हिशेब असा. सकाळी सातला खोलीत, अंघोळ, तासभर पाठ टेकायची, मग नाश्ता, दिवसभर बाजार, रात्री जेवून झोप आणि पहाटे पावणेपाचला खोली सोडून जनशताब्दी. एकाच दिवसाच्या भाड्यात सगळं बसतं आणि दुपारच्या जेवणाला घरी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा मात्र वेळा पुन्हा बघायच्या. पण परत तुतारीनेच जायचं असेल तर हेच चोवीस तास उलटतात. सकाळी सातला खोली गेली आणि गाडी मध्यरात्री, म्हणजे सतरा तास बॅगा काउंटरमागे आणि आपण रस्त्यावर. तसं असेल तर बारा वाजता खोली देणारं हॉटेल परवडेल. गाडीला धरून हॉटेल घ्या, हॉटेल चांगलं मिळालं म्हणून गाडी बदलू नका.

तुतारीच्या बाबतीत आणखी एक. बारा वाजून पाच मिनिटांनी म्हणजे तारीख बदललेली असते. तिकिटावर १५ तारीख असेल तर १४च्या रात्री स्टेशनात हजर राहायचं. हॉटेलचं बुकिंग करणाऱ्या पोराला हे समजावणं म्हणजे एक दिव्य आहे. तो प्रत्येक वेळी एक दिवस जास्त धरतो.

भाडं २,८०० रुपये, दोघींसाठी, एसी खोली. तिसरी गादी घातली तर ५०० वेगळे. त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, म्हणजे आमच्या बिलात १४० रुपये. धंदेवाल्यांनी मात्र फार खूश होऊ नये. पाच टक्क्यांच्या या दरात हॉटेलवाल्याला त्याच्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे काही हॉटेलांनी मूळ भाडंच थोडं वर सरकवलं. काउंटरवर रोख भाव वेगळा आणि पक्क्या बिलाचा वेगळा असं कोणी सांगायला लागलं तर सरळ पक्कं बिल मागा.

आता खोली. अॅपवरच्या फोटोत तिथे कॅरमचा बोर्ड मांडून चौघं बसतील असं वाटतं. प्रत्यक्षात दोन बॅगा उघडल्या की बाथरूमला जायला पलंगावरूनच वाट. हे दादर आहे, जागेचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. चादरी स्वच्छ असतात, पलंगपोस काढून टाकायला सांगते मी, कारण ते कधी धुतलं हे कोणी छातीठोक सांगणार नाही. बाथरूमला कडी नीट लागते, बादली आणि मग दोन्ही असतात (नुसता शॉवर असलेल्या ठिकाणी नणंद पाऊल ठेवत नाही), आणि खिडकीला आतून पट्टी आहे. दोन बायका राहणार म्हटल्यावर मी दार, कडी आणि खिडकी आधी बघते, एसी मागाहून.

गरम पाणी सकाळी सहा ते दहा, असा कागद आरशाशेजारी चिकटवलेला आहे. त्यामुळे पहाटे चारला निघायच्या तयारीत असाल तर अंघोळ रात्रीच उरकायची किंवा थंड पाण्याची हिंमत ठेवायची. रात्री रूमबॉयला सांगितलं तर गरम पाण्याची बादली आणून देतो, पण दहानंतर तो खाली झोपलेला असतो आणि उठवायला आपल्यालाच वाईट वाटतं.

आणि आवाज. याबद्दल जरा सविस्तरच लिहायला हवं, कारण गर्दीच्या मध्यावर राहण्याची खरी किंमत तीच. समोरच्या बाजूच्या खोल्या मिळाल्या तर पुण्याच्या गाड्यांचा पुकारा रात्रभर ऐकू येतो. शिवनेरीचा थांबा आणि पुण्याच्या टॅक्स्या याच भागात. एक माणूस ‘पुना, पुना, पुना’ म्हणायला लागतो तो थांबतच नाही. रात्री दीड वाजता नणंद अंधारात म्हणाली, ‘वैनी, ह्यो पुण्याक कधी जातलो गो?’ मी उठून दिवा लावला आणि आवाज येतो कुठून ते शोधलं. खिडकी तर गच्च बंद होती. एसीचा तांब्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो त्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता आणि तो वाळून आकसला होता. भोक मुठीएवढं, त्यातून सगळं दादर आत. आमच्या अस्तराच्या नमुन्यांतला एक तुकडा आत दाबला तेव्हा आवाज निम्म्याने उतरला. सकाळी मॅनेजरला दाखवलं, ‘हो, हो, प्लास्टर करून घेतो’ म्हणाला. पुढच्या खेपेला बघितलं तर आमचाच कापडाचा तुकडा तिथे जसाच्या तसा.

म्हणून आता बुकिंगच्या फोनवर मी ‘मागच्या बाजूची खोली’ असं स्पष्ट सांगते. मागे एक चौकोनी गल्ली आहे, तिथे दुसऱ्या इमारतीचे पाइप आणि कबुतरं. दृश्य म्हणावं असं काही नाही, पण झोप लागते. एक वाईट, मागच्या खोल्यांत मोबाइलची रेंज दारापाशीच. व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायचं असेल तर जिन्यात उभं राहावं लागतं. पश्चिमेकडे उतरणाऱ्यांना वेगळा त्रास. फुलबाजार पहाटेच जागा होतो, टेम्पो, हमाल आणि हाका. दसऱ्याआधी किंवा गणपतीआधी तर त्या बाजूला झोपेची अपेक्षाच धरू नये.

काउंटरवरचा माणूस सरळ आहे. अजून मोठं जाड रजिस्टर भरून घेतो: कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी. दुसऱ्या एका हॉटेलात आम्हाला ‘सोबत कोणी पुरुष नाही का?’ असं विचारलं होतं, तिथून आम्ही बॅगा न टेकवताच बाहेर पडलो. इथे तसला प्रश्न कोणी विचारत नाही. आधारची झेरॉक्स मागतात. मी पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देते आणि ते चालतं. चालत नाही म्हणणाऱ्याला एकदा सांगून बघा, बहुतेक ऐकतात.

खटका उडतो तो मालावरून. पहिल्यांदा आम्ही संध्याकाळी तीन गठ्ठे घेऊन आलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, हे गोडाऊन नाही.’ लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, चार माणसांची. एक गठ्ठा आत गेला की माणसाला जागा नाही. त्याचंही खोटं नव्हतं. मग तोडगा निघाला: मोठा माल दुकानातूनच थेट ट्रान्स्पोर्टने कणकवलीला पाठवायचा आणि खोलीत फक्त लेस-बटणांच्या पिशव्या आणायच्या. खरं तर पहिल्यापासून असंच करायला हवं, ट्रान्स्पोर्टचं भाडं हमाल आणि टॅक्सीच्या खर्चापेक्षा कमी पडतं. रिक्षाची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवायचं, दादरला रिक्षा नाही. माहीम-शीवच्या पुढे दक्षिणेकडे त्या येतच नाहीत. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पण हिंदमाताइतक्या जवळ टॅक्सीवाले तोंड फिरवतात. बेस्टची बस आहे, नाहीतर चालत पंधरा-वीस मिनिटं.

पावसात मात्र तेही नाही. हिंदमाता म्हणजे तुंबणाऱ्या पाण्याचं जुनं माहेर. महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं असं दुकानदार सांगतात, पण जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कापडाच्या गठ्ठ्यासह तिथे अडकण्यात काही शहाणपण नाही. जुलैत यायचंच असेल तर मंत्रालय, कोर्ट किंवा टाटा हॉस्पिटलचं काम असलेल्यांनी यावं, खरेदी पुढे ढकलावी.

मंत्रालयाचं काम असणाऱ्यांसाठी दादरला उतरणं हल्ली जास्त सोयीचं झालंय. भुयारी मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला सेना भवनाच्या बाजूला आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. विधान भवन स्टेशनला उतरलं की मंत्रालय पायाखाली. पूर्वेच्या हॉटेलातून मेट्रोला जायचं तर पूल ओलांडून पलीकडे चालावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी हे धरून चालावं. जुन्या माणसांना फलाटांचं एकदा समजावून ठेवा: डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. आमचे सासरे अजून ‘सेंट्रलचा अमुक नंबर’ असं सांगतात आणि ऐकणारा हमाल हसतो.

जेवणाखाण्याची चिंता इथे करायची नाही. हॉटेलचा स्वतःचा नाश्ता म्हणजे ब्रेड-बटर आणि दुधाळ चहा, तो घेऊ नका. पूल ओलांडून पश्चिमेला गेलात की मामा काणेंचा बटाटावडा आहे, थोडं पुढे गेलं तर प्रकाशमधला साबुदाणा वडा आणि पीयूष. आस्वादला रविवारी सकाळी गेलात तर नाव लिहून बाहेर उभं राहायची तयारी ठेवा. नणंद मात्र पहिल्या दिवशीच मासे खायला ‘सिंधुदुर्ग’ नावाच्या खानावळीत शिरते. ‘घरी काय खातेस?’ म्हटलं तर म्हणते, घरी मी रांधते, इथे मला कोणीतरी वाढतो.

डोंबिवलीला चुलत दीर आहेत, विरारला मावसबहीण. ‘हॉटेलवर पैसे कशाला घालवता’ असं दरवेळी ऐकावं लागतं. पण संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये लेसच्या पिशव्या घेऊन चढणं, तिकडे पोचल्यावर रात्री बारापर्यंत गप्पा, रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून मिठाई, मुलांना काहीतरी, आणि पहाटे जनशताब्दीसाठी तीनलाच उठून त्यांचं अख्खं घर जागं करायचं. माणसांना भेटायला वेगळं जावं, सवडीने.

कोणी इथे उतरू नये तेही सांगते. लहान मूल असेल, घरातलं कोणी आजारी असेल, किंवा चार दिवस मुंबई बघायची असेल तर इतक्या गजबजाटात राहण्यापेक्षा थोडं आत, हिंदू कॉलनीच्या शांत गल्ल्यांत जागा बघा. पाच-दहा मिनिटं जास्त चालावं लागेल. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, रस्ते बंद असतात आणि खोल्या आधीच गेलेल्या असतात. गणपतीआधीच्या आठवड्यात खोली मिळेल एकवेळ, पण कोकणची गाडी मिळणार नाही. तेव्हा आधी तिकीट, ते कन्फर्म झालं की मगच हॉटेलला फोन. आणि फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: चोवीस तास की बारा वाजता, खोली पुढची की मागची, आणि पहाटे साडेचारला खालचं शटर उघडायला कोण असतं. शेवटचं विसरलात तर शटरच्या आतून ‘ओ दादा, ओ दादा’ करत बसावं लागेल, आणि बाहेरचा पुण्याचा टॅक्सीवाला तुम्हालाच विचारेल, ‘पुना का?’