पाणी ओतून दाखवलं आणि मी फसलो

गेल्या आठवड्यात त्या दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दिसलं. नंबर डिलीट करायचा राहिला होता. व्हिडिओत गाडीच्या एअर फिल्टरवर बाटलीनं पाणी ओततायत, थेंब अळूच्या पानावरनं घरंगळावेत तसे खाली पडतायत, आणि वर लिहिलंय, ‘पावसाळ्यात बिनघोर फिरा’. हाच प्रयोग गेल्या मे महिन्यात माझ्यासमोर झाला होता. त्याच्यापायी माझे 94 हजार गेले. यंदा आणखी कुणाचे जायला नकोत म्हणून लिहितोय.

आधी कबूल करतो, हौस माझीच होती. 1.2 लिटरची पेट्रोल स्विफ्ट, धड चालत होती. पण मावसभावानं त्याच्या गाडीला बाहेरचा इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर, बसवला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालनं घुमल्यासारखा आवाज यायचा, आणि माझ्या डोक्यात ते भूत बसलं. चौकशी करत करत मिरज रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतल्या दुकानात पोचलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

कंपनीचा एअर फिल्टर प्लास्टिकच्या बंद डब्यात असतो. त्या डब्याचं तोंड वर, रेडिएटरच्या पट्टीजवळ असतं. दिसायला ते काहीच नाही, पण रस्त्यापासून उंच असतं आणि पाण्याला तिथवर पोचायला बरीच वळणं घ्यावी लागतात. दुकानदारानं तो डबा काढला आणि लांब अ‍ॅल्युमिनियमचा पाइप खाली वळवून शंकूसारखा फिल्टर बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागं बसवला. थंड हवा मिळते, पॉवर वाढते, हे त्याचं म्हणणं. पॉवर वाढली का ते मला कधी कळलं नाही. आवाज वाढला.

मी सांगलीचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या पुढं गेलेली पाहिलीय, जिथं धोक्याची पातळी 45 आहे. त्यामुळं फिल्टर एवढ्या खाली बघून मी विचारलंच, “आणि पाणी ओढलं तर?”

तो हसला. “दादा, त्याचंच तर आपल्याकडं सोल्युशन हाय.”

मग त्यानं ‘वॉटर सेफ’ सेट काढला. फिल्टरवर घालायचा काळा कापडी मोजा, आणि पाइपच्या मधोमध बसवायचा बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टर बुडाला तर वरनं हवा घेणारी झडप. मोजा घातलेल्या फिल्टरवर त्यानं बिसलेरीची अख्खी बाटली रिकामी केली. कापड आतनं कोरडं. मला हात घालून बघायला लावलं. शेजारी उभी असलेली दोन पोरं “लय भारी” म्हणाली. ती गिऱ्हाइकं होती की त्याचीच, आता शंका येते. “पुरातनं घातली तरी बंद पडणार नाही. पडली तर मी हाय की.”

इनटेकचे 9,500 आणि सेटचे 6,800. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लावावा लागेल, तुम्हालाच भुर्दंड. माझ्या हातात आली डायरीच्या पानावरची चिठ्ठी. काढलेला कंपनीचा डबा “इथंच राहू दे, गाडीत नुसती अडगळ” म्हणून त्यानं ठेवून घेतला. तेही मी मान्य केलं.

जुलैमध्ये एका रात्री साडेनऊच्या सुमारास शामरावनगरमधून मित्राकडून परत येत होतो. नदी शांत होती, पूरबीर काही नाही, नुसता संध्याकाळपासूनचा पाऊस. तिथं पाणी तुंबतं हे सांगलीकरांना सांगायला नको. अर्धं चाक बुडेल एवढं पाणी होतं, म्हणजे साधारण एक फूट. माझ्या पुढनं एक जुनी अल्टो हळूहळू पार झाली, म्हणून मीही घातली. मध्यावर समोरनं ट्रॅक्टर आला. त्याची लाट बंपरवर आदळली, आणि गाडी खाडकन बंद. गुरगुरणं नाही, आचके नाहीत. एक ‘टक्’, आणि सगळं गप्प.

मी पाण्यात बसूनच दुकानदाराला फोन केला. म्हणाला, “काही नाही, थोडं पाणी गेलं आसंल. सेल्फ मारा, चार-पाच वेळा मारा, इंजिन बाहेर फेकतंय.” मारला. तीनदा नुसतं टक् टक्. चौथ्यांदा इंजिन थोडं फिरलं आणि आतनं लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी टोईंगवाल्याला 1,800 देऊन गाडी मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी सेल्फला हातही लावला नाही. आधी चारही स्पार्क प्लग काढले, मग इंजिन हातानं फिरवलं. तिसऱ्या प्लगच्या भोकातनं पिचकारी उडाली. नंतर एकेका भोकात सळई सोडून पिस्टन किती वर येतोय ते बघितलं. तीन सारखे, तिसऱ्या नंबरचा खाली राहत होता. “रॉड वाकला, बेटा.” रॉड म्हणजे पिस्टनला ढकलणारा दांडा.

चाचांनी तेव्हा जे समजावलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझ्या इंजिनात एका सिलिंडरला साधारण 300 सीसी हवा येते आणि पिस्टन वर गेल्यावर ती 30 सीसीच्या आसपास जागेत कोंबली जाते. खोकल्याच्या औषधाचं टोपण दोन-तीनदा भरेल, एवढीच ती जागा. तेवढं पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला वाव उरत नाही, पण बाकीचं इंजिन त्याला ढकलतच असतं. मग जे कमजोर ते वाकतं. बादलीभर पाणी लागतच नाही.

रॉड आधीच वाकला होता की मी सेल्फ मारल्यावर, हे चाचांनाही सांगता आलं नाही. “पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायला सांगणारा माणूस मिस्त्री नव्हे,” एवढं मात्र ते ठासून म्हणाले.

मग त्यांनी तो व्हॉल्व्ह काढला. खऱ्या बायपास व्हॉल्व्हला गोल भोकं किंवा खाचा असतात, आतल्या बाजूनं पातळ रबरी पडदे आणि बाहेरनं स्पंज. एरवी पडदे मिटलेले. खालचा फिल्टर बुडाला की ओढ वाढते, पडदे उघडतात आणि इंजिन वरनं हवा घेतं, खालचं पाणी वर चढत नाही. अर्थात व्हॉल्व्ह स्वतः पाण्याच्या वर असला तरच. चाचांनी ब्लेडनं माझ्या व्हॉल्व्हचा स्पंज कापला. खाली सलग पाइप. एक भोक नाही, पडदा नाही. साध्या पाइपच्या तुकड्याला स्पंज गुंडाळून फेव्हिक्विकसारख्या कशानं तरी चिकटवला होता. 6,800 रुपयांचा स्पंज.

मोजा मात्र अस्सल होता, आणि फसवणुकीतली खरी हुशारी तिथंच होती. तसं कापड वरनं उडालेलं पाणी परतवतं. पण बाटलीनं ओतलेलं पाणी खाली जायला मोकळं असतं. बुडालेल्या फिल्टरला इंजिन आतनं ओढत असतं, तिथं कापड काय करणार? खरी गोष्ट दाखवून त्यानं खोटी गोष्ट विकली.

कुणी व्हॉल्व्ह घेतलाच असेल तर चाचांची तपासणी सोपी आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये चालू, फिल्टर जागेवर. फिल्टरवर बाहेरनं प्लास्टिकची पिशवी घट्ट आवळून धरायची. इंजिन बंद पडलं, तर वरनं हवा येतच नाही. चालू राहिलं, तर व्हॉल्व्ह उघडतोय. पाइपला गळती नाही ना, तेवढं आधी बघायचं. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी करा. नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

इंजिनच्या कामाचे 74 हजार झाले. विमा कंपनीनं हात वर केले, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्यावर फार राग धरता आला नाही. साध्या पॉलिसीत पाणी ओढून झालेलं इंजिनचं नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. माझ्याकडं ते नव्हतं, आणि गाडीत केलेला बदलही मी कळवला नव्हता.

दुकानदाराला कापलेला स्पंज दाखवला तर म्हणाला, “हा माझा मालच नव्हं.” चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, फक्त आकडे. माझ्या नशिबानं पैसे यूपीआयनं दिले होते, आणि त्याचा “सेट फिट झाला, टेन्शन नाही” हा मेसेज फोटोसकट राहिला होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो तेव्हा कळलं की बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा आयोगात फी नाही. मी वकील केला नाही, अर्ज स्वतः लिहिला, सोबत चाचांचा लेखी अभिप्राय जोडला. दुकानदाराचं उत्तर आलंय: गाडी ‘नदीपात्रात’ घातली होती म्हणे. शामरावनगरात नदीपात्र! पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

कंपनीचा डबा मागायला गेलो तर त्यानं तो केव्हाच विकलेला. शेवटी कोल्हापुरात जुन्या मालात एक मिळाला, 2,200 रुपयांना. एका कोपऱ्याला तडा आहे, तो एम-सीलनं भरला.