पोकराचं नाव घेऊन कुणी आगाऊ लोकवाटा मागत असेल तर हे वाचा

आमच्या महिला बचत गटाचे साठ हजार रुपये गेले. आजूबाजूच्या गावांतल्या आणखी काही गटांचेही गेले. आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या. पैसे नेणारा माणूस पोकरा या सरकारी शेती अनुदानाच्या प्रकल्पाचं नाव सांगत आला होता. त्याचा फोन आता बंद आहे, पण त्याने वापरलेली रीत कुठल्याही जिल्ह्यात चालेल अशी आहे, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

मराठवाड्यात पोकरा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे त्याचं पूर्ण नाव, आणि नानाजींचं जन्मगाव कडोळी आमच्याच जिल्ह्यातलं. पावसाचा भरवसा राहिला नाही, कधी महिना महिना खंड तर कधी एका रात्रीत शिवार पाण्याखाली. अशा हवामानात शेती टिकावी म्हणून जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने 2018 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले सहा आणि जळगाव असे 15 जिल्हे होते. ठिबक, शेततळं, फळबाग, आणि गटांसाठी अवजारे बँक, गोदाम, प्रक्रिया उद्योग अशा कामांना अनुदान मिळालं. आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या खात्यावर ते पैसे जमा झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांसाठी मंजूर झाला, खर्च सुमारे 6000 कोटींचा. गावांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरायला लागल्या, आणि त्या यादीच्या मागोमाग तो माणूस आला. कुठल्या गावात कोणता गट आहे, अध्यक्ष कोण, सचिव कोण, सगळं त्याला आधीच माहीत होतं.

आमच्या भागात हळद मोठी. ती शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम गटाचा स्वतःचा असावा, ही आमची जुनी इच्छा. काढणीच्या दिवसांत भाड्याच्या कुकरची वाट बघत ढीग उघड्यावर पडतो, आणि हल्ली फाल्गुनातही अवकाळी पाऊस येतो. तो म्हणाला, सहा लाखांचा प्रस्ताव करू, साठ टक्के अनुदान, गटाने फक्त दहा टक्के लोकवाटा, म्हणजे आपला हिस्सा, आधी भरायचा, उरलेल्याचं बँकेतून करून देतो. लोकवाटा हा शब्द गावाला नवा नाही. पाणीपुरवठ्याच्या योजनेत, पाणलोटाच्या कामात लोकांनी तो भरलेला आहे. म्हणून त्या मागणीत कुणालाच वावगं वाटलं नाही.

त्याने कामही खऱ्या कामासारखंच केलं. गटाचा ठराव लिहून घेतला, पासबुक, आधार, सातबारा आणि आठ-अ घेतले. शेडच्या जागेवर सगळ्या बायांना उभं करून मोबाइलमध्ये जिओ-टॅगचा, म्हणजे जागेचं ठिकाण नोंदवणारा, फोटो काढला. खऱ्या प्रकल्पातही असा फोटो काढतात. आठवड्याभराने पूर्वसंमतीचं पत्र आणून दिलं आणि मग क्यूआर कोड पुढे केला. पैसे एका खासगी फर्मच्या खात्यात गेले. पावतीवर लिहिलं होतं ‘लोकवाटा व डीपीआर’, म्हणजे आमचा हिस्सा आणि प्रकल्प अहवालाचा खर्च.

ते पत्र अजून माझ्याजवळ आहे. वर तीन सिंहांची राजमुद्रा, बाजूला प्रकल्पाचं बोधचिन्ह, खाली जांभळा गोल शिक्का आणि हिरव्या शाईची सही. जावक क्रमांक हाताने लिहिलेला. शिक्क्यावर हुद्दा आहे, तालुका नाही. सही करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. विषयाच्या ओळीत आमच्या गटाचं नाव आहे, ते बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडं जाड, मागाहून टाकलेलं.

हे उघड झालं ते हळदीच्या कामातच. शेजारच्या गावातल्या गटाच्या अध्यक्षबाई शिजवणीला आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता मी आमचं पत्र मंजूर झाल्याचं सांगितलं. त्यांनी पिशवीतून स्वतःचं पत्र काढलं, दोन्ही शेजारी धरली आणि म्हणाल्या, “अगं माय, नंबर तर एकच हाय की.” जावक क्रमांक एक, तारीख एक, रक्कमही एक. दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून तालुका कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकावर दोन्ही गटांची नावं शोधली. आमच्या नावाचा अर्जच कुठे भरलेला नव्हता.

साहेबांनी तिथेच जो क्रम समजावून सांगितला, तो प्रत्येक गटाने पाठ करून ठेवावा असा आहे. अर्ज पोर्टलवर होतो आणि अर्जदाराच्या मोबाइलवर त्याचा क्रमांक येतो. गावाची समिती त्याला मान्यता देते, कृषी खात्याचा माणूस जागा पाहून जातो, मग पूर्वसंमती मिळते आणि ती आपल्या लॉगिनमध्ये दिसते. त्यानंतर खरेदी आपण करायची, दुकानदार आपण निवडायचा, बिलं अपलोड करायची. पुन्हा तपासणी होते आणि अनुदान सगळ्यात शेवटी, थेट खात्यात. या सगळ्यात सरकारी माणसाच्या किंवा सल्लागाराच्या हातात पैसे द्यायची जागाच नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शेतकरी योजनेच्या अर्जाला 23 रुपये 60 पैसे लागतात, तेही पोर्टलवरच भरायचे. ‘आधी हिस्सा भरा, मग मंजुरी’ असं कुणी म्हणालं की तो चोर आहे, मग त्याच्याजवळ कितीही शिक्के असोत.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की या लोकांनी गरिबांच्या हक्काच्या योजनेचीच बदनामी केली. आमच्या गटातल्या दोन बाया आता खऱ्या अर्जालाही नको म्हणतात. साठ हजार ही त्यांची वर्षानुवर्षांची बचत होती, कुणी शेळी विकून हप्ता भरला होता. योजना खरी आहे आणि ती घ्यायलाच हवी. त्यासाठी फक्त मधला माणूस बाजूला सारावा लागेल.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी दावा करा’ असं ऐकायला मिळालं. सगळे गट एकत्र गेलो, दोन्ही पत्रं आणि तालुका कार्यालयाचा ‘असा अर्ज नाही’ हा लेखी खुलासा पुढे ठेवला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. तो लेखी खुलासा नसता तर काही हललं नसतं. तुमचं कार्यालय तोंडी सांगून वाटेला लावत असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर कळल्या क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, गटाच्या बैठकीची वाट बघू नका. आमच्या प्रकरणात खातं गोठवलं तोवर बहुतेक रक्कम पुढे गेलेली होती. उरलेली थोडी बँकेत अडकून आहे, ती मिळवायला न्यायालयाचा आदेश लागणार आहे आणि त्याची तारीख अजून लागलेली नाही.

ज्या गटांकडे असं पत्र आहे त्यांना एक कळकळीची विनंती. ते रागाने फाडू नका, लॅमिनेशनही करू नका. शिक्क्याची आणि सहीची शाई तपासायला मूळ कागद लागतो. शेजारच्या गटाला असं पत्र मिळालं असेल तर दोन्ही जवळ ठेवून जावक क्रमांक जुळतो का बघा, आणि तक्रार प्रत्येक गटाने आपापल्या नावाने द्या.