फायरप्लेसवर केलेला खर्च: एका हिवाळ्यानंतर

मॅसॅच्युसेट्समधलं आमचं घर १९५० च्या दशकातलं. हॉलमधल्या विटांच्या फायरप्लेसवर भाळूनच घेतलेलं. पहिल्याच थंडीत कळलं की ही बया घर तापवण्यापेक्षा गारच जास्त करते. जाळ धरला की खोलीतली तापलेली हवा धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी फटीफटींतून बाहेरचा गारठा आत येतो. समोर बसणाऱ्याचे पाय भाजतात, मागच्या खोलीत बायको शाल गुंडाळून. शिवाय जुना बिडाचा डॅम्पर, म्हणजे धुराडं उघडायचं-मिटायचं झाकण, पावसाच्या पाण्याने गंजून वाकलेला, म्हणजे जाळ नसतानाही गळती चालूच.

गेल्या ऑक्टोबरात धुराड्याच्या माथ्यावरच बसणारा डॅम्पर लावून घेतला. काम खरं तर ऑगस्टमध्येच व्हायचं होतं, पण आत ‘चिमनी स्विफ्ट’ या धुराड्यांत राहणाऱ्या पक्ष्यांचं घरटं निघालं. कायद्याने त्याला हात लावता येत नाही, म्हणून पाखरं उडून जाईपर्यंत थांबलो. या डॅम्परच्या झाकणाला रबरी कड असते आणि स्टीलची दोरी खाली चुलीपर्यंत येते. बाजूला जाळी असल्याने ठिणग्या आणि खारी दोन्ही अडतात. पैसे वसूल झाले ते इथेच. फक्त झाकण उघडायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि धुराच्या अलार्मने गल्ली जागी केली. आता दोरीला लाल चिंधी बांधली आहे.

दुसरी खरेदी बिडाच्या जाड पत्र्याची. तो चुलीच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. तो तापतो आणि आच पुढे फेकतो, जाळ विझल्यावरही बराच वेळ. जड इतका की दोघांनी उचलावा लागला.

काचेच्या दारांनी मात्र निराशा केली. जाळ भरात असताना लावली की धग काचेतच अडते. उपयोग एकच: रात्री निखारे धुमसत असताना डॅम्पर बंद करता येत नाही, कार्बन मोनॉक्साइड घरात साठेल. तेव्हा डॅम्पर उघडाच ठेवून, घरातली ऊब वर जाऊ नये म्हणून दारं लावून झोपायचं. एवढ्यासाठी चारशे डॉलर मी पुन्हा घालणार नाही.

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे लाकडातली ओल मोजायचं यंत्र, तीस डॉलरचं. ते घेतलं आईमुळे. ती साताऱ्याहून आली होती. ‘मुरलेलं’, म्हणजे नीट वाळलेलं, म्हणून विकत घेतलेलं ओकचं लाकूड पेटवलं, तर दोन मिनिटांत म्हणाली, "अरे, टोकाला फेस येतोय बघ, ओलं आहे हे. गंडवलं तुला." ओंडका फोडून आतल्या बाजूला मोजलं, तर ३१ टक्के. २० च्या खाली हवं. ओलं सरपण नुसतं धुमसतं आणि नळीत क्रिओसोट धरतं. ती डांबरासारखी काजळी पेटली तर धुराड्यालाच आग. म्हणून दर वर्षी तपासणी आणि गरजेप्रमाणे सफाई, यात काटकसर नाही.

राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली घ्याच, आणि ती लाकडी डेकवर ठेवू नका. दोन दिवसांनी आईने तांब्याची भांडी घासायला त्यातली राख काढली, तेव्हा खाली एक निखारा अजून लाल होता.