जुनी जर्मन कुंपण-पक्कड : आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये जर्मनीतल्या रेमशाइडच्या जुन्या बाजारात, लोखंडी भंगाराच्या खोक्यात ही पक्कड हाताला लागली. लांबी 26 सेंटिमीटर, डोकं जड, सांधा गंजून घट्ट बसलेला. विकणारा म्हणाला, नालबंदाची आहे. 12 युरो दिले आणि घरी आणली.

दोन रात्री तेलात बुडवून ठेवली, मग तारेच्या ब्रशने घासली. सांधा सुटला तेव्हाच कळलं की नालबंदाशी हिचा काही संबंध नाही. डोक्याच्या एका बाजूला हातोडीसारखा सपाट माथा, दुसऱ्या बाजूला खाली वळलेली चोच, जबडा आतून दातेरी. आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना एकेक खाच. ओळख पटली ती या खाचांमुळे. मुठी उघडल्या की वरच्या-खालच्या पात्याच्या खाचा समोरासमोर येतात, तिथे तार बसते. मुठी मिटल्या की खाचा एकमेकींवरून सरकतात आणि तार तुटते. घोड्याच्या खुराजवळ अशा खाचेचं काय काम?

शेजारी ऐंशी पार केलेले एक शेतकरी आजोबा राहतात. त्यांना दाखवली तर क्षणात म्हणाले, ‘त्साउनत्सांगे’. त्साउन म्हणजे कुंपण, त्सांगे म्हणजे पक्कड. हा त्सांगे आणि आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी मुळात एकाच घरचे. सांडशी आली संस्कृत ‘संदंश’वरून, त्यात चावण्याचा ‘दंश’ आहे, आणि त्सांगेचं मूळही चावणं याच अर्थाच्या धातूत सापडतं. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला.

गंजाखालून ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरं निघाली. पुढचा क्रमांक झिजून गेलाय. डॉयचेस राइख्सगेब्राउख्समुस्टर, म्हणजे वस्तूच्या उपयुक्त रचनेची सरकारदरबारी नोंद. पेटंटपेक्षा स्वस्त आणि कमी मुदतीचं हे संरक्षण 1891 च्या कायद्याने सुरू झालं आणि 1945 मध्ये राइख (तेव्हाचं जर्मन राज्य) संपल्यावर ही अक्षरंही मागे पडली. पश्चिम जर्मनीत पुढे राइखच्या ‘आर’च्या जागी बुंडेसचा, म्हणजे संघराज्याचा, ‘बी’ आला. म्हणून माझी पक्कड युद्ध संपण्याआधीची मानायला हरकत नाही. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का कुठेच नाही. 1887 च्या ब्रिटिश कायद्यामुळे निर्यातीच्या मालावर तो पडू लागला होता, त्यामुळे ही बहुधा इथल्याच गिऱ्हाइकासाठी बनलेली. बनवणाऱ्याचं नाव मिळालं नाही. रेमशाइड हे अवजारांचं गाव, शेजारचं झोलिंगन सुऱ्या-कात्र्यांचं, पण नुसत्या जवळिकीवरून ती रेमशाइडची आहे असं मी म्हणणार नाही.

खरी परीक्षा आजोबांच्या कुरणात झाली. तिथे आता घोडे येणार होते, आणि काटेरी तारेत घोडा अडकला की भीतीने ओढून स्वतःला फाडून घेतो. म्हणून जुनी तार काढायची ठरली. ओकचे खांब, त्यांत वर्षानुवर्षं रुतलेले यू-खिळे, आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकडावर निळा-काळा डाग (ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन हा डाग पडतो). चोच खिळ्याच्या वाकणाखाली धरायची, सपाट माथ्यावर लाकडी मोगरीचे दोन ठोके द्यायचे, चोच आत शिरली की डोकं खांबावर आडवं लोळवायचं. खिळा करकरत वर येतो. अर्धा वर आला की जबड्यात धरून पुन्हा तेच. पहिल्या दिवशी एका खांबाला दहा मिनिटं लागत होती, मे महिन्यापर्यंत तीन. साध्या पकडीने मी हे काम कधीच संपवू शकलो नसतो.

नवीन खिळे ठोकायलाही हाच माथा पुरतो. आजोबांनी दोन गोष्टी शिकवल्या. खिळा लाकडाच्या रेषेला तिरका ठोकायचा, म्हणजे खांब चिरत नाही. आणि पूर्ण आत घालायचा नाही, तार मागेपुढे सरकायला हवी.

आता त्रुटी. मुठींवर रबर नाही, थंडीत हातमोज्याशिवाय धरवत नाही. वीज सोडलेल्या तारेला ती चुकूनही लावू नका, आधी यंत्र बंद करा. जोर लावून मिटताना मुठींमध्ये तळव्याची कातडी चिमटते, मला दोनदा रक्त आलं. सगळ्यात वाईट झालं ऑगस्टमध्ये. कडक ताणाची 2.5 मिलिमीटरची पोलादी तार मी या खाचेत घातली आणि डाव्या खाचेची कड चेपली. चूक माझी. मऊ जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ती अजूनही एका दाबात तोडते, पण कडक तारेला वेगळी कातरच हवी. डावी बाजू आता मी वापरत नाही.

अशी पक्कड तुम्हाला कुठे मिळाली तर गंजाकडे बघून सोडून देऊ नका, गंज निघतो. सांध्याची खीळ ढिली आहे का ते मुठी आडव्या हलवून बघा. मग मुठी पूर्ण उघडा आणि दोन्ही खाचा उजेडासमोर धरा. कड सरळ दिसली तर घ्या, दातरलेली दिसली तर फक्त खिळे उपटायला घ्या आणि किंमत निम्मी करून मागा.