महामंदी: हूव्हर यांचा मार्ग की रूझवेल्ट यांचा?

नाशिकच्या अभ्यासिकेत मुलांना 1929 ची महामंदी शिकवताना मी कांद्यापासून सुरुवात करते. लासलगावला भाव कोसळला की ट्रॉलीभर कांदा विकूनही भाडं सुटत नाही, सोसायटीचं कर्ज मात्र तेवढंच राहतं. अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं तेच झालं, वर हजारो बँका बुडाल्या.

तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी 1930 मध्ये आयातशुल्क वाढवलं, 1932 मध्ये करही. लोकांच्या हातात पैसा नसताना! बँकांना सरकारकडून कर्ज मिळायची सोय केली, पण उशिरा.

त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी मार्च 1933 मध्ये बँका काही दिवस बंद ठेवल्या, तपासून उघडल्या. पुढे ठेवींना विमा दिला, बेरोजगारांना काम दिलं. 1937 मध्ये खर्चाला कात्री लावली, ही त्यांची चूकच. तरी माझं मत रूझवेल्ट यांनाच. पासबुक घेऊन रांगेत उभ्या माणसाला आधी भरवसा हवा होता.