सिंगापूरच्या उकाड्यात नाताळचा बर्फ: इन्स्टंट स्नो पावडर

डिसेंबरातही पारा ३०च्या आसपास असतो, तिथे मुलांना बर्फ दाखवायचा तर ही पावडर कापसापेक्षा कितीतरी सरस. आहे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, म्हणजे डायपरमधल्या पाणी शोषणाऱ्या पदार्थाचंच भावंड. (डायपर फाडून मात्र बर्फ होत नाही, चिकट जेली होते.)

रुंद घमेल्यात १० ग्रॅम पावडर पसरा आणि पाव लिटर पाणी एकदम ओता. मिनिटभरात ती भुसभुशीत फुगते. पाणी जास्त झालं तर लगदा होतो. मग चिमूट-चिमूट पावडर वाढवा. जड, क्षारयुक्त पाण्यात ती कमी फुगते. तासभर फ्रीजमध्ये ठेवली की हाताला गार लागते, आणि मुलांना खरी मजा त्यातच येते.

एसीत दोन-चार दिवसांत सुकून आक्रसते; पाणी शिंपडलं की परत फुलते. फरशीवर सांडलेली ओली पावडर भयंकर निसरडी. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. मीठ टाकलं की पाणी सुटून आकार बसतो, मग सुकवून कचऱ्यात.

तोंडात घालणारं मूल घरात असेल तर घेऊच नका. बाकीच्यांना पैसे वसूल.